केबल गेली आणि आळ आला राखणदारावर

पत्र

दादा, नमस्कार. आम्ही हातकणंगले तालुक्यातले. गावच्या गायरानात चार मेगावॉटचा सोलर प्लांट झालाय. माझे मालक तिथं ठेकेदाराकडून रात्रपाळीला वॉचमन आहेत. मागच्या महिन्यात एका रात्रीत सहा रांगांची केबल कापून नेली. उसाच्या बाजूची जाळी फाडलेली मालकांनीच पहाटे बघितली आणि सुपरवायझरला फोन लावला. आता ठेकेदार म्हणतो, चोरी तुझ्या पाळीत झाली, आतल्या माणसाशिवाय असलं काम होत नाही. पगार अडवून ठेवलाय. "नुकसान माझ्या हलगर्जीपणामुळे झाले, ते मी भरून देईन" असं ५०० च्या स्टँप पेपरवर लिहून आणलंय आणि सही कर म्हणतोय. पोलिसांनीही दोनदा बोलावून घेतलं. खरी गोष्ट पुढंच आहे. त्या रात्री लेकराला ताप होता म्हणून मी जागी होते. दोनच्या सुमाराला माझ्या चुलत दिरांचा छोटा हत्ती टेंपो दिवे बंद ठेवून शेताकडनं आला. दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या बाजूला काळा धूर दिसत होता. हे मी अजून कुणालाच बोललेली नाही, मालकांनासुद्धा नाही. सांगितलं तर घर फुटतंय, नाही सांगितलं तर माझा माणूस चोर ठरतोय. सही करावी का? नोकरी सोडावी का? आणि बघितलेलं सांगावं का?

— एक बहीण, हातकणंगले तालुका

उत्तर

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आजच्या आज हवं, म्हणून तेच आधी देतो. सही करायची नाही. ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असं म्हणोत, नाहीतर ‘सही केलीस की पगार सोडतो’ म्हणोत, यजमानांनी त्या स्टँप पेपरवर पेन टेकवायचं नाही.

तो कागद दोन ठिकाणी वापरला जाईल. एकदा पगार कापायला आणि एकदा पोलिसांच्या फाइलीत. हलगर्जीपणा वेगळा आणि चोरी वेगळी, हे तुम्हाआम्हाला कळतं. पण स्वतःच्या हाताने हलगर्जीपणा लिहून दिला की पुढचा माणूस विचारतो, ‘मग डोळेझाक मुद्दाम तर केली नव्हती?’ साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोकराने मालकाच्या मालाची चोरी केली तर कलम ३०६ लागतं आणि तिथे सात वर्षांपर्यंत. ठेकेदाराला हे आकडे ठाऊक असतील किंवा नसतील. तुम्हाला मात्र ठाऊक असायला हवेत. तुमचं पत्र माझ्याकडे येऊन हे छापून होईपर्यंत सही झालीच असेल, तरी हातपाय गाळू नका. सही दबावाखाली घेतली, पगार अडवून घेतली, असं चार ओळींत लिहून ठेकेदाराला आणि प्लांटच्या कंपनीला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. जितक्या लवकर लिहाल तितका त्या सहीचा जोर कमी.

पगाराचं तर सरळ आहे. कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली वस्तू त्याच्याच चुकीमुळे हरवली, तरच नुकसानीची रक्कम पगारातून कापता येते, आणि तीही त्याला आपली बाजू मांडायची संधी देऊन. १९३६ च्या वेतन कायद्यात हे होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. दोन्हींत कपातीला पगाराच्या निम्म्याची मर्यादा आहे (सहकारी संस्थेचे हप्ते असतील तर जुन्या कायद्यात थोडी जास्त होती, पण ते इथे लागू नाही). अख्खा पगार अडवून ठेवणं कुठल्याच कायद्यात बसत नाही. कोल्हापुरात सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिथे साध्या अर्जावर तक्रार घेतात. वकील लागत नाही.

आता ‘चोरी तुझ्या पाळीत झाली’ या वाक्याकडे येऊ. माझं आयुष्य वायरींत गेलंय, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

सोलरच्या प्लेटा रांगेत एकामागे एक जोडलेल्या असतात. अशा एका जोडणीला तंत्रज्ञ स्ट्रिंग म्हणतात. उन्हात त्या स्ट्रिंगवर हजार व्होल्टच्या आसपास, मोठ्या प्लांटमध्ये दीड हजारांपर्यंत डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचा) दाब असतो. भर दुपारी चालू स्ट्रिंगवर कटर चालवला तर जाळ निघतो, आणि डीसीचा जाळ घरातल्या एसी विजेच्या जाळासारखा पटकन विझत नाही. म्हणून केबल चोरणारे रात्रीच येतात. अंधार पडला की प्लेट म्हणजे नुसती काच. चोराला हे माहीत असतं, ठेकेदारालाही माहीत असतं.

ठेकेदार एक गोष्ट मात्र सोयीस्कर विसरतो. रात्री वीज वाहतच नसल्यामुळे केबल किती वाजता कापली हे इन्व्हर्टरला (प्लेटांची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राला) कळत नाही. त्याच्या नोंदीत एवढंच दिसतं की आदल्या संध्याकाळी सूर्य मावळेपर्यंत सहाही रांगा वीज देत होत्या आणि सकाळी उगवल्यावर देत नव्हत्या. म्हणजे मावळतीपासून उगवतीपर्यंतचा कुठलाही क्षण. यजमान कामावर किती वाजता आले? त्यांच्या आधीच्या पाळीचा माणूस किती वाजता गेला? दोघांच्या मध्ये जागा रिकामी होती का? हिवाळ्यात साडेसहालाच अंधार होतो. पाळी आठला बदलत असेल तर दीड तास यजमानांचा नव्हेच.

आणि आदल्या दिवशी तीन वाजल्यापासूनच एखादी रांग शून्य दाखवत असेल, तर प्रकरणच पालटतं. मग कुणीतरी दिवसाढवळ्या स्विच बंद करून सुरुवात केली, किंवा ती रांग आधीपासूनच तुटलेली होती आणि जुनं नुकसान या चोरीच्या खात्यात घातलं जातंय. म्हणून यजमानांनी तपास अधिकाऱ्याला लेखी विनंती करावी : चोरीच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवसाची, प्रत्येक स्ट्रिंगची इन्व्हर्टरची नोंद कंपनीकडून मागवा. काही प्लांटमध्ये नोंद प्रत्येक स्ट्रिंगची नसते, दहा-वीस स्ट्रिंग जिथे एकत्र येतात त्या डब्याची असते. तशी असली तरी मागायची, घट त्यातही दिसते. कापलेल्या टोकांचे फोटोही पंचनाम्यात असावेत. टोक स्वच्छ कापलेलं असेल तर वीज नसताना कापलंय. वितळून गोळा झालेला असेल तर उजेडात.

या टोकांवरून एक गोष्ट यजमानांना आजच सांगा, ती पोलिसांपेक्षा महत्त्वाची आहे. कापलेल्या टोकांना हात लावायचा नाही, सकाळी तर मुळीच नाही. तांबडं फुटलं की प्लेटांवर दाब चढायला लागतो. वीज थोडी असते, पण दाब जवळजवळ पूर्ण. ‘अजून ऊन कुठे आलंय’ म्हणून टोक उचलायला गेलेल्या माणसाला धक्का बसतो. फोटो लांबून काढायचे.

पुढे ‘आतला माणूस’. रात्री कापायचं, तांब्याच्या रांगा कुठल्या ते ओळखायचं, कॅमेरा कुठला बंद आहे ते माहीत असायचं, याला माहिती लागते हे खरं. पण ती माहिती राखणदारापेक्षा ज्यांनी प्लांट उभा केला त्यांच्याकडे जास्त असते. केबल ओढणारी टोळी, गवत कापायला आणि प्लेटा धुवायला येणारे मजूर, माल उतरवणारे ड्रायव्हर, काम सोडून गेलेला वायरमन. यातले किती जण गेल्या सहा महिन्यांत आत येऊन गेले, याचं रजिस्टर ठेकेदाराकडे आहे का, हे पोलिसांनी त्यालाच विचारायला हवं. माझा अंदाज, नसणार.

ठेकेदाराला आणखी एक गोष्ट सुचलेली दिसत नाही. चोरीच्या विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत अट असते की विमाधारकाच्या नोकराचा हात असेल तर भरपाई मिळणार नाही. उलट जाळी फाडून बाहेरून आत शिरल्याची खूण असेल तर दावा टिकतो. म्हणजे ‘आमचाच वॉचमन मिळालेला होता’ असं पुराव्याशिवाय बोलत सुटणं कंपनीच्या मुळावर येऊ शकतं. ठेकेदाराला आपला दंड चुकवायचाय, कंपनीला विम्याचे पैसे हवेत. दोघांचं हित एक नाही. यजमानांनी आपली बाजू ठेकेदाराला डावलून थेट कंपनीच्या अधिकाऱ्यालाही लेखी कळवावी, ती याचसाठी.

मी एक हिशेब केला. मेगावॉटला चार एकर धरले तर तुमच्या गायरानातला प्लांट सोळा एकरांचा. तो अगदी चौरस असला तरी कुंपण एक किलोमीटर भरतं. एक माणूस, एक बॅटरी, एक काठी, चारी बाजूंना रांगा आणि एका बाजूला डोक्यावर गेलेला ऊस. गेटपाशी उभं राहिलं तर मागची जाळी दिसत नाही, मागे गेलं तर गेट उघडं. कुंपणाला लागून उसाची एक सरीसुद्धा नको, पाच-सात मीटर पट्टा मोकळा हवा, रात्री दोन माणसं हवीत आणि कॅमेरे चालू हवेत, हे ठेकेदाराला कळत नाही असं नाही. पैसा वाचवायचा असतो. यजमानांनी कधी ‘कॅमेरा बंद आहे’, ‘लाइट लागत नाही’, ‘एकट्याने होत नाही’ असा निरोप मोबाईलवर दिला होता का? साधा आवाजी मेसेज असला तरी चालेल. असेल तर तो मोबाईल जपा. विकू नका, रीसेट करू नका, मुलांना खेळायला देऊ नका. पहाटे सुपरवायझरला यजमानांनी स्वतः लावलेला फोनही त्यातच आहे. चोरीत सामील माणूस उजाडायच्या आत स्वतःहून फोन करून चोरी कळवत नाही, असं मी म्हणणार नाही, करणारेही असतात. पण तो कॉल त्यांच्या बाजूने मोजला जाईल.

पोलीस ठाण्यात दोनदा बोलावलं, ते कशासाठी ते बघा. प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बघता येतो. फिर्याद कुणी दिली, चोरीची वेळ काय लिहिली, संशयित म्हणून कुणाचं नाव आहे की ‘अज्ञात’ आहे, हे तिथे कळेल. पुढच्या वेळी बोलावलं तर लेखी नोटीस मागावी. मागण्यात उद्धटपणा नाही. नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ ची असेल तर यजमान साक्षीदार आहेत. ३५ च्या पोटकलम ३ ची असेल तर त्यांच्याकडे संशयित म्हणून बघतायत, आणि तेव्हा वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नये. पण जाणं टाळूही नये. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला सहसा अटक होत नाही, न जाणाऱ्याला होऊ शकते. तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे कायद्यातच आहे. कोऱ्या कागदावर तर प्रश्नच नाही.

एवढं झालं. आता छोटा हत्ती.

ताई, तुम्ही काय बघितलंत ते एकदा कागदावर लिहा. फक्त डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं. तारीख, अंदाजे वेळ, गाडी कुठून कुठे गेली, दिवे बंद होते हे कशावरून कळलं, गाडी त्यांचीच हे कशावरून ओळखलंत (आवाज, नंबर, ताडपत्री, की नुसता आकार), चालवणारा दिसला का, मागे काही भरलेलं दिसलं का. जे दिसलं नाही ते ‘दिसलं नाही’ असंच लिहा. ‘केबल होती’ असं तुम्ही पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, हे मला आवडलं. तो आवर तसाच ठेवा.

दिवे बंद करून फिरणारी प्रत्येक गाडी केबलच नेते असं नाही. आपल्या भागात मुरूम फिरतो, वाळू फिरते, गोव्याची दारू फिरते. रात्रीच्या लाइटीला पाणी पाजायला गेलेला शेतकरी दोन वाजता परत येतो, त्यालाही कुणी चोर म्हणत नाही. (गायरानातला तो प्लांट बहुतेक शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणूनच उभा केलेला असणार, हा त्यातला विनोद.) शिवाय एवढ्या मालाला गाडी लागतेच असंही नाही. सोलरची चार चौरस मिलिमीटरची केबल किलोमीटरला सुमारे ३६ किलो तांबं देते. सहा रांगांची मिळून तीन किलोमीटर धरली तर शंभर किलोच्या थोडं वर. वेष्टनासकट दोन मोटारसायकलींच्या दोन-तीन फेऱ्या.

धुराचंही तसंच. पाण्याच्या मोटारीच्या केबलीवर असतं ते पीव्हीसी प्लॅस्टिक जाळलं की काळाकुट्ट, डोळ्यांत झोंबणारा धूर होतो, आणि पंचगंगेच्या काठावर मोटारींच्या केबली चोरून जाळण्याचे प्रकार सोलर यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहेत. सोलरच्या डीसी केबलीचं वेष्टन वेगळं असतं. आग लागली तरी धूर कमी व्हावा आणि विषारी वायू होऊ नये म्हणून ते मुद्दाम तसं बनवतात. उघड्यावर पेटवलं तर धूर होईलच, पण काळा धूर बघून ‘सोलरची केबल जाळली’ असं म्हणता येत नाही. टायर असेल, पाइप असेल, दुसऱ्याच कुणाच्या मोटारीची केबल असेल.

जिथे धूर होता ती जागा मात्र बोलकी असू शकते. सोलरच्या केबलीचं वेष्टन बहुतेक लाल किंवा काळं, एकेरी, आणि त्यावर ठरावीक अंतराने कंपनीचं नाव, जाडी, साल छापलेलं असतं. आतल्या तारा घरच्या वायरीसारख्या तांबूस नसतात. त्यांच्यावर कथिलाचा मुलामा असतो, म्हणून त्या चांदीसारख्या पांढरट दिसतात. भंगारवाला एका नजरेत ओळखतो. ही माहिती पोलिसांना सांगण्यासाठी आहे. तुम्ही ओढ्यावर जाऊन उकरायचं नाही. तुम्ही उचललेला तुकडा पुरावा राहत नाही, आणि तुम्हाला तिथे बघणारं कुणीतरी असतंच.

मग सांगायचं की नाही? सांगायचं, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी यजमानांना सांगा. दिवसा, ते कामावर जायच्या घाईत नसताना, आणि ‘माझ्या डोळ्यांनी एवढंच बघितलं’ असं म्हणून. त्यांच्या मनात राग येईल. त्या रागात ते भावाच्या दारात गेले तर दोन गोष्टी होतील. मारामारी होईल किंवा माल रातोरात हलेल. तेव्हा त्यांना आधी कबूल करून घ्या की तपास अधिकाऱ्याशी बोलणं होईपर्यंत कुणाकडेही विषय काढायचा नाही. सासूबाईंकडे नाही, पोलीस पाटलांकडे नाही, गावच्या पुढाऱ्याकडे तर नाहीच. पोलीस पाटील सज्जन असतील, पण गाव लहान आहे आणि भाऊबंदकीत बातमी भिंतीतूनही जाते.

जबाब द्यायला तुम्हाला ठाण्यात जावं लागणार नाही. कलम १७९ प्रमाणेच स्त्रीला साक्षीसाठी तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. तुमच्या बाबतीत मात्र घरी पोलीस येणं म्हणजेच सगळ्या गल्लीला दवंडी. म्हणून तुम्ही स्वतःहून माहेरचा किंवा दुसरा पत्ता सुचवू शकता, किंवा आपणहून ठाण्यात जाऊ शकता. कायदा तुम्हाला जायची सक्ती करत नाही, मनाईही करत नाही.

‘निनावी चिठ्ठी टाकू का’ हे तुमच्या मनात येऊन गेलं असेल. मला ती वाट पटत नाही. चिठ्ठीवरून पोलीस दिरांच्या गाडीपर्यंत जातील, पण चिठ्ठी कोर्टात उभी राहत नाही आणि यजमानांच्या बाजूने एक शब्द बोलत नाही. उद्या कळलंच, तर ‘हिनेच टाकली’ हे वर.

दिरांना आधी इशारा द्यावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ओळींच्या मधे ते दिसतं. दिरांची गाडी भाड्याने कुणीतरी नेली असेल, आत काय आहे हे त्यांना माहीतही नसेल, असं होऊ शकतं. तसं असेल तर तपासात ते त्यांना सांगता येईल, आणि गाडी कुणी ठरवली हे नाव दिलं तर त्यांचीच सुटका होईल. माहीत असून माल वाहिला असेल तर मात्र तो त्यांचा प्रश्न आहे, तो सोडवायला तुमच्या नवऱ्याने जामीन राहायचं नाही. इशारा देऊन तुम्ही त्यांना वाचवणार नाही, उलट यजमान त्यांना सामील होते असं दिसायला एक कारण मात्र द्याल.

घर फुटेल म्हणता. काही काळ अबोला धरला जाईल, सणाला एक पाट कमी पडेल, हे मी नाकारत नाही. पण आज जे घर धरून ठेवलंय त्यात तुमचा माणूस रात्रभर कुंपणाभोवती फिरतो आणि सकाळी चोर म्हणून ठाण्यात बसतो.

चोरापेक्षा मला जास्त राग विकत घेणाऱ्याचा येतो. शंभर किलो मुलामा दिलेलं तांबं कुणी घरात ठेवायला चोरत नाही. ते कुठल्या तरी भंगारवाल्याच्या काट्यावर गेलंच असणार. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणाऱ्याला कलम ३१७ खाली चोराइतकीच शिक्षा आहे, आणि ज्याचा हा नेहमीचा धंदा त्याला जन्मठेपेपर्यंत. २००३ च्या वीज कायद्यातही विजेचं साहित्य चोरणाऱ्यासाठी कलम १३६ आणि ते घेणाऱ्यासाठी १३७ आहे. जीएसटी नोंदणी असलेला भंगार व्यापारी नोंदणी नसलेल्या माणसाकडून धातूचं भंगार घेतो तेव्हा ऑक्टोबर २०२४ पासून कर त्यालाच भरावा लागतो, म्हणजे खरेदीचा कागद असायला हवा. इंग्लंडने तर २०१३ च्या कायद्याने भंगाराचे पैसे रोखीत द्यायलाच बंदी घातली, कारण तिथेही तारा, नळ आणि चर्चच्या छपरांवरचं शिसं असंच काट्यावर जात होतं. आपल्याकडे रोखीवर तशी बंदी नाही, पण चोरीनंतरच्या आठवड्यात आसपासच्या काट्यांवर पांढरट तांबं कुणी आणलं, हा प्रश्न स्थानिक गुन्हे शाखेने विचारला तर उत्तर मिळायला फार दिवस लागू नयेत. तुमच्या यजमानांनी अर्जात ही ओळ जरूर घालावी.

ग्रामपंचायतीलाही यात पडायला लावा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतला प्लांट असेल तर अशा गावाला वर्षाला पाच लाख, असे तीन वर्षं अनुदान आहे. प्लांट बंद पडला तर नुकसान गावाचंही. एका मेगावॉटमागे दिवसाला चार हजार युनिटच्या आसपास वीज होते, ती तुमच्याच भागातल्या मोटारींसाठी. ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका फोनवर सगळ्या गावाला निरोप जातो, ती तुमच्याकडे चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारायला कुणाचं नाव घ्यावं लागत नाही.

नोकरी? आत्ता सोडू नका. आत्ता सोडली तर पळून गेल्यासारखं दिसेल आणि अडकलेला पगार मागायला जोर राहणार नाही. दोन माणसं द्या, कॅमेरे सुरू करा, कुंपणालगतचा ऊस काढा, असं लेखी मागा आणि पोच घ्या. पण रात्री कुणी धमकावलं, गाडी आडवी घातली, दगड मारला, तर त्याच वेळी ११२ ला फोन लावायचा आणि दुसऱ्या दिवसापासून जायचं नाही. शंभर किलो तांब्यासाठी कुणी जीव गहाण टाकू नये, आणि ठेकेदार देतो त्या पगारात तर नाहीच.

वकिलाच्या खर्चाची काळजी करू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न किती हे न विचारता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात समिती आहे, जिल्ह्याचं कार्यालय कसबा बावड्याच्या न्याय संकुलात. फोनवरून विचारायचं तर १५१०० हा क्रमांक आहे. कोल्हापुरात आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलंय, त्यामुळे गावातला एखादा हुशार माणूस ‘थेट हायकोर्टात जाऊ’ म्हणेल. त्याला चहा पाजा आणि तालुक्याला जा.

जाताना ड्युटीच्या पाळीचं पत्रक किंवा त्याचा फोटो, पगार जमा झाल्याचं पासबुक, सुपरवायझरला लावलेल्या फोनची नोंद, कॅमेऱ्याबद्दलचे मेसेज, एफआयआरची छापील प्रत आणि तुम्ही लिहिलेला तो कागद बरोबर घ्या. तो कागद वकिलाला दाखवायचा, त्याच्याजवळ ठेवायचा नाही. आणि ठेकेदाराने बिनसहीचा स्टँप पेपर परत मागितला तर देऊन टाका, फक्त त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा.